फणसावरची घेरी

नातीचे सर आमच्या फणसावर बेशुद्धीचं सोंग घेऊन दोराला लोंबकळत होते. झाडांची निगा शिकणाऱ्या नातीची परीक्षाच ती: सरांना सुखरूप उतरवायचं. बुंधा अळंबीनं पोखरलेला नाही, हे ठोकून बघून ती चढली.

जाऊबाईंना हे सोंग ठाऊक नव्हतं. आमच्या सासूबाईंच्या काळापासून घेरीवर औषध एकच. जाऊबाईंनी कांदा फोडला, आंबे काढायच्या लांब काठीच्या झेल्यात ठेवला आणि खालूनच सरांच्या नाकाला लावला.

“आजी, मी बेशुद्ध आहे!” सर शिंकत ओरडले.

“बोलायला लागले बाई!” जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला.

“पेशंटच शुद्धीवर आला. परीक्षा रद्द,” सर म्हणाले.

नातीचा चेहरा उतरला. जाऊबाईंनी झेला पुन्हा वर नेला.

“मग परत बेशुद्ध व्हा. कांदे पोतंभर आहेत.”

सरांनी नातीला झाडावरूनच पास केलं.