वासावरचं मीठ

बस माझ्याशेजारी, या आमटीची गोष्ट सांगतो तुला. भैरोबाच्या भंडाऱ्याला बत्तीस वर्षं मीच रांधतोय ही. यंदा स्वादुपिंडाचा कॅन्सर पार पसरला, डाक्टरांनी हात टेकले, अन् थोरल्या लेकानं मला न विचारता परगावचा आचारी ठरवला.

घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजार जायचा नाही, आप्पा. दुखणं मात्र मी आवरते. मग काय करायचंय तुम्हाला?"

"चूल पेटवायचीय."

थोरला चिडला. "दोन घास उतरत नाहीत तुम्हाला. चव कशी कळायची?"

"अरे शहाण्या, देवाच्या आधी आमटी चाखलीय का मी कधी? वासावरच मीठ टाकत आलोय. नाक अजून धड आहे माझं!"

बाईंनी वेळच्या वेळी मॉर्फिन दिलं. पहाटेपासून इथं खुर्ची टाकून बसलोय, त्या आचाऱ्याच्या हातानं मूठमूठ मीठ टाकून घेतलं. आत्ता नैवेद्य झाला.

थोरला बघ कसा तोंड फुगवून उभाय तिकडं. ही वाटी त्याला नेऊन दे, अन् दुसरी मागतो का, तेवढं मला येऊन सांग.