बशीखालचे थेंब

"आज कप गरम करायचा नाही," असं तोकुजिरोनं स्वतःलाच दोनदा बजावलं आणि उकळत्या पाण्याचं भांडं शेगडीवरून उतरवून ठेवलं.

शेजारचा न्हावी कुमागाई काउंटरशी बसून टोस्ट चावत होता. "कोणाशी बोलतोस रे? शेवटच्या दिवशी वेड लागलं की काय?"

"लागलंय. तू खा गुपचूप."

उद्यापासून 'सुझुरान', त्याचं कॉफीचं दुकान, बंद. सोमवारी यंत्रं येणार आणि गल्लीची ही अख्खी बाजू पाडणार. लाल मखमलीच्या खुर्च्या, गुलाबी टेलिफोन, बावन्न वर्षांच्या सिगारेटींनी पिवळ्या पडलेल्या भिंती, सगळं जाणार. त्याचं तोकुजिरोला फारसं काही नव्हतं. त्याला धास्ती होती ती दहाच्या ठोक्याची. दहाला किनुए येणार होती.

किनुएचा मुलगा शुन्पेइ आणि तोकुजिरोची एकुलती एक चिनात्सु वीस वर्षांपूर्वीच्या पानगळीत पळून गेली होती. त्याआधी आठच दिवस शुन्पेइ मागणी घालायला आला होता आणि तोकुजिरोनं त्याला याच दारातून हाकलून दिलं होतं. मागं ना चिठ्ठी, ना पत्ता. त्याच हिवाळ्यात तोकुजिरोची बायको गेली. मग त्यानं दुकान उघडणं सोडलं, जेवण सोडलं. कुमागाईनं दोनदा दार तोडून त्याला बाहेर काढलं.

आणि जूनमधल्या एका सकाळी किनुए त्या मोडक्या दारातून सरळ आत आली. "व्याही, दोन कॉफी करा."

"व्याही कसला? लग्न लागलं कधी? मला आमंत्रण नव्हतं," तोकुजिरो खेकसला होता. पण एवढी बाई दारात आलेली, म्हणून उठून शेगडी पेटवली. त्या दिवसापासून दुकान पुन्हा सुरू झालं.

एक कॉफी तिची, एक शुन्पेइच्या नावाची. दुसऱ्या कपावर ती बशी उपडी झाकायची. घरातलं माणूस परमुलखात असलं की त्याच्या नावाचं ताट वाढायचं, वाटी झाकायची आणि झाकण उचलून बघायचं. आत थेंब जमले असतील तर माणूस सुखरूप. किनुएच्या आजीनं हे भाताच्या वाटीवर केलं, किनुएनं कॉफीवर चालवलं. घटकाभरानं बशी उचलायची, आत बघायची आणि म्हणायची, "बरा आहे. म्हणजे तुमची पोरही बरी आहे."

अशी एकोणीस वर्षं, रोज दहाला. दर महिन्याच्या नऊ तारखेला तेवढी ती अकराला यायची, अंगाला उदबत्तीचा वास घेऊन. "देवळात गेले होते, त्या दोघांसाठी," म्हणायची.

तोकुजिरोचा यावर काडीचा विश्वास नव्हता. गरम कपावर बशी ठेवली तर थेंब येतील नाहीतर काय होईल? पण एका थंडीत कप लवकर निवला आणि बशी कोरडी निघाली. किनुए पांढरीफटक पडली. निदान तोकुजिरोला तसं वाटलं, कारण त्याच्या स्वतःच्या हातातून किटली पडली होती. तेव्हापासून तो तिचा कप आधी उकळत्या पाण्यात ठेवायचा.

"म्हातारीला फसवतोस तू," कुमागाई म्हणायचा.

"फसवतो. तेवढीच एक गोष्ट मला नीट जमते."

पण उद्यापासून ती कप झाकणार कुठं? वाट बघत बघतच मरायची बिचारी. त्यापेक्षा आज बशी कोरडी निघू दे, एकदाचं रडून होऊ दे तिचं. रात्रभर विचार करून त्यानं हे ठरवलं होतं. आपलं काय, आपलं आपण बघू.

दहाला घंटा किणकिणली. किनुए आज जांभळ्या कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन आली होती. ते तिनं मांडीवर ठेवलं.

"व्याही, दोन कॉफी. शेवटच्या."

तोकुजिरोनं पार निवलेली कॉफी थंड कपात ओतली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं कपाला बोट लावलं. क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग नेहमीसारखी बशी झाकली.

कुमागाई टोस्ट चावायचा थांबला.

किनुएनं बशी उचलली. आज ती तिनं स्वतःकडं कलती धरली, अगदी जवळ. बोल, बाई, एकदाचं बोल.

"आलेत की थेंब," ती म्हणाली. "बरे आहेत दोघं."

तोकुजिरोला भडभडून आलं. डोळ्यांनी कोरडी बशी दिसते आणि तरी ही बाई स्वतःची समजूत घालते! त्यानं तोंड फिरवून सिंकमधले चमचे विसळायला घेतले.

"मी उद्या वृद्धाश्रमात जाते," किनुए उठत म्हणाली. "तिथं सामानाला एकच फळी देतात. अशा दोन आहेत माझ्याकडं. एक मी नेते, ही तुमच्याकडं असू दे." तिनं गाठोडं काउंटरवर ठेवलं. "आज स्वतःच्या हातानं गार कॉफी दिलीत. म्हणजे आता सोसेल तुम्हाला. मी कोपऱ्यावरून वळले की सोडा गाठ."

खाली वाकून नमस्कार करून ती गेली.

तोकुजिरोनं गाठ सोडली. आत काळ्या लाखेची वीतभर पाटी होती, गेलेल्या माणसाच्या नावानं देव्हाऱ्यात ठेवतात तसली. मागच्या बाजूला कोरलं होतं: चिनात्सु, वय सव्वीस. आडनाव किनुएच्या घरचं. खाली तारीख होती, नऊ एप्रिल. किनुए त्या मोडक्या दारातून पहिल्यांदा आत आली, त्या जूनच्या दोन महिने आधीची.