खोबऱ्यावर पहारा

वजनकाटा अठ्ठ्याऐंशीच्या खाली यायला तयार नव्हता. फाताई एका पायावर उभा राहिला, श्वास रोखून पाहिला, शेवटी मनगटावरचं घड्याळही काढून ठेवलं. काटा ढिम्म. मग तो खाली उतरला आणि बायकोकडे वळला.

"लुपे, खरं सांग. माशात नारळाचं दूध घातलंस ना?"

"घातलं असतं तर ताट चाटून पुसून खाल्लं असतंस," लुपे म्हणाली. "नुसता उकडलेला मासा आहे तो. मांजरानंसुद्धा तोंड लावलं नाही."

फाताईला ते पटलं नाही. शरीरसौष्ठवाची स्पर्धा तोंडावर आली होती. अंगावर चरबी नको, एकेक स्नायू सुटा दिसायला हवा, म्हणून हा गडी कधीपासून अर्धपोटी राहत होता. रविवारी चर्चहून आल्यावर सगळं घर जमिनीतल्या भट्टीत शिजलेल्या मटणावर तुटून पडायचं, तेव्हा हा अंगणात बसून काकडी चावायचा. आणि तोंगाच्या बेटांवर नवरा वाळला की बोल बायकोला लागतो. पाद्र्याच्या बायकोनं भर चर्चच्या दारात विचारलं होतं, "काय गं लुपे, घरात चूल पेटते की नाही?" गाव म्हणे ही नवऱ्याला उपाशी मारते, नवरा म्हणे ही मला चोरून चारते. बिचारीनं करावं तरी काय?

या सगळ्याच्या मुळाशी होता व्यायामशाळेतला सोसाया. लोकांना सल्ले देण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. "क्रिएटीन बंद कर," तो म्हणाला होता. "ताकद येते, मान्य. पण अंगात पाणी धरून ठेवतं. ऐन वेळी सुजल्यासारखा दिसशील. मी सोडलं आणि बघ, वजन कसं झरझर उतरलं!" फाताईनं त्याच दिवशी क्रिएटीनचा डबा आईच्या हातात दिला.

त्याच्या आईनं, मालियानं, डब्यात बोट घालून चव पाहिली. "कसलं पीठ रे हे? काय होतं यानं?"

"वजन वाढतं. मला नको आता. फेकून दे."

"बरं," मालिया म्हणाली.

सोसायाचं वजन उतरलं तसं फाताईचं उतरेना. म्हणजे घरातच कोणीतरी घात करतंय, असं त्यानं ठरवून टाकलं. स्वयंपाक करायची लुपे, तेव्हा चोरही लुपेच. तो पातेल्यात डोकावू लागला. पहिला घास तिला खायला लावू लागला. एक दिवस नारळ खवायची खवणीच उचलून त्यानं पलंगाखाली दडवली. डोळे मिटून विश्वास काय तो आईवर. सकाळी तिच्या हातचा लिंबाच्या पानांचा चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, तेवढाच तो निर्धास्तपणे प्यायचा.

खवणी गेली आणि लुपेचा संयमही गेला.

"उद्या हरलास तर जन्मभर म्हणशील, बायकोनं हरवलं. ते ऐकायला मी इथं थांबणार नाही. बोटीत बसेन आणि वावाऊला माहेरी जाईन. मग बस तुझ्या खवणीला कवटाळून!"

नुसतं बोलली नाही, कपड्यांचं बोचकंही बांधलं. बायकोवर फाताईचा जीव होता. पण चुकलो म्हणायला जीभ रेटेल तर ना.

स्पर्धेच्या दिवशी राजधानी नुकुआलोफातला हॉल खच्चून भरला. तेल चोपडलेले गडी ओळीनं उभे राहिले. चरबी कोणाच्याच अंगावर नव्हती, पण सोसाया पिळून वाळत टाकलेल्या टॉवेलसारखा दिसत होता आणि बाकीच्यांची कळाही फारशी वेगळी नव्हती. फाताईची कंबर मात्र बारीक आणि छाती, खांदे, दंड टपोरे भरलेले. मुख्य पंचांनी निकाल सांगताना आडपडदा ठेवला नाही. "बाकीचे सुकले. हा एकटा भरलेला राहिला. पहिला नंबर फाताई!" आणि त्यांनी माइक त्याच्या हातात दिला. "गुपित काय ते सांगून टाक."

फाताई हवेत होता. "सोपं आहे! क्रिएटीन सोडलं आणि घरातल्या खोबऱ्यावर पहारा ठेवला. ज्यांच्या बायका चोरून चारतात, त्यांनी मला येऊन भेटावं!"

हॉल खो खो हसला. लुपेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरला असता तर दोष तिचा, आणि जिंकला तरी चोर तीच. ओठ दाबून धरले तरी तिच्या डोळ्यांतून पाणी आलंच.

तिच्या शेजारी बसलेली मालिया ताडकन उठली. सुनेचा हात धरून ती तरातरा मंचावर चढली. आधी तिनं पोराच्या उघड्या अंगाभोवती घरून आणलेलं झाडाच्या सालीचं कापड गुंडाळलं. चारचौघांत त्यानं असं उभं राहायचं म्हणजे लाज तिला वाटत होती. मग त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि तिला हुंदका फुटला. आईला आनंद अनावर झाला, असं वाटून फाताईनं तिला जवळ घेतलं. मालियानं त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"सगळ्यांनी ऐका. माझ्या सुनेला कोणी बोल लावायचा नाही. तिच्या हातात काही खोट नाही, या कार्ट्याच्या अंगातच आहे. ते वजन वाढवायचं पांढरं पीठ मी रोज सकाळी याच्या चहात ढवळलं, आजसुद्धा चमचा भरून घातलं, पण मेल्याच्या अंगाला काही लागेल तर शपथ!"