रेघ नसलेली ओळ

"आज माझ्यासाठीही तुम्हीच वाचा," आशाबाई म्हणाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर रिकामे हात. "आणि मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात नको."

रावजींनी बाबांचं बायबल उघडलं. रोज सकाळी चहाच्या आधी एक अध्याय, हा नेम त्यांनी बाबा गेल्यापासून मोडला नव्हता. शरणपुरातल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत कुणाला एखादं वचन सापडेनासं झालं की लोक त्यांनाच विचारत.

बाहेर गल्लीत टेम्पो उभा होता. पलीकडच्या घरातून गोटीरामचं सामान चढत होतं. पत्र्याचं कपाट कशावर तरी आदळलं.

"भाऊ चालला तुमचा," आशाबाई म्हणाल्या. "सटाण्याला, मंजुषाकडं. आता लेकीकडंच राहणार म्हणे."

"माहीत आहे."

"भेटून नाही येणार?"

रावजींनी वाचायला सुरुवात केली. येशूचा डोंगरावरचा उपदेश. आवाज छान लागला होता.

"थांबा," आशाबाई मधेच म्हणाल्या. "मिठाचं झालं, दिव्याचं झालं आणि लगेच वैऱ्यावर प्रीती? मधलं पान उंदरानं खाल्लं काय?"

रावजींनी पानाकडं पाहिलं. बाबांना तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारायची सवय होती. रावजींची नजर या रेघेवरून त्या रेघेवर जाई, ओढा ओलांडताना दगडावरून दगडावर पाय टाकत जावं तशी. आपलं रोजचं वाचन ते एवढंच, हे आत्ता मोठ्यानं वाचताना त्यांच्या ध्यानात आलं.

"मधे बाबांची रेघ नाही," ते पुटपुटले.

"लिहिणाऱ्यानं काय रेघा मारून दिलं होतं? सगळं वाचा."

ते वाचू लागले. आता आवाज हळू झाला होता. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेला माणूस. तिथं त्याला भाऊ आठवतो. मग अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन भावाशी समेट करायचा आणि नंतर परत यायचं.

रावजी थांबले.

"अरे, दोरी आवळ ना नीट!" बाहेर गोटीराम कुणावर तरी ओरडला.

हे बायबल गोटीरामला हवं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून तोच त्यांना वाचून दाखवायचा. दफनविधीहून परतल्यावर रावजींनी 'थोरला मी' म्हणत ते उचललं आणि आपल्या घरी आणलं. तेव्हापासून दोघे भाऊ चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसत.

"माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही," रावजी म्हणाले.

आशाबाईंनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. "ती ओळ परत वाचा," एवढंच त्या म्हणाल्या.

रावजींनी शब्दांखाली बोट धरलं. तुझ्या मनात काही असेल तर, असं तिथं नव्हतंच. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं होतं. हे त्यांनी कितीतरी उपदेशांत ऐकलं होतं. प्रत्येक वेळी ते शेजारच्या माणसाला लागू पडलं होतं.

टेम्पो सुरू झाला.

"मग उद्यापासून मी कशातून वाचू?" रावजींच्या तोंडून निघून गेलं.

"माझं आहे की."

"त्यात रेघा नाहीत."

"नाहीत," आशाबाई म्हणाल्या.

रावजी बायबल छातीशी धरून बाहेर आले. गोटीराम ड्रायव्हरशेजारी चढत होता.

"गोटीराम."

"काय दादा?" परक्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं.

जिना उतरताना जुळवलेलं वाक्य रावजींना आठवेना. त्यांनी नुसतं पुस्तक पुढं केलं.

गोटीरामनं ते घेतलं नाही. "आणि तू?"

"बाबांना तू वाचून दाखवलंस. मी नुसतं उचलून नेलं."

गोटीराम खाली उतरला. शर्टाला हात पुसून त्यानं पुस्तक घेतलं आणि खुणेची फीत होती तिथं उघडलं.

"इथवर आलायस होय?"

"अर्धाच झालाय अध्याय."

"काका, निघू या," ड्रायव्हर म्हणाला. "हायवेला ट्रॅफिक लागेल."

"लागू दे रे," गोटीराम म्हणाला आणि घराच्या पायरीवर बसला. शेजारची जागा त्यानं हातानं झाडली. "बस दादा. अर्ध्यात कुणी सोडतं का?"

दुसऱ्या दिवशी रावजींनी चहाचं आधण ठेवलं आणि आशाबाईंचं बायबल उघडलं. पानांवर एकही खूण नव्हती. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या.

"कुठं थांबायचं ते कळत नाही गं."

"मग नका थांबू. वाचत राहा."

ते वाचत राहिले. शब्दामागून शब्द, अनोळखी गावात पाट्या वाचत चालल्यासारखे. मग एका ओळीवर त्यांचा आवाज बंद झाला. चहाचं पाणी उकळून भांड्याबाहेर यायला लागलं. कुणी उठलं नाही.

"रेघ आहे का तिथं?" आशाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही," रावजी म्हणाले. त्यांचं बोट तिथंच होतं.