गालावरचा डाग

"यात बघायचंय काय एवढं?" फिल्म यंत्रावर चढवत तंत्रज्ञ म्हणाला. "घरगुती फिल्मा सगळ्या सारख्याच. माणसं येतात, हात हलवतात, जातात."

जुन्या फिल्मा कॉम्प्युटरवर उतरवून देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि गिऱ्हाइकांबद्दल त्याला काडीचाही आदर उरला नव्हता. फिल्मची चकचकीत बाजू कुठली, मंद बाजू कुठली, हे नवशिक्यांनी तपासावं. तो बोलता बोलता चढवायचा.

फिल्म घेऊन आलेल्या बाईंनाही आज कुणाला मान द्यायचा नव्हता. बाकावर चहा पीत बसलेल्या माणसाला त्या मुद्दाम सोबत घेऊन आल्या होत्या. त्यांचा दादा दहाव्या वर्षी घरातून पळाला, तेव्हा त्या पाळण्यात होत्या. आई मरेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसली. आणि आता, आईमागं घर विकायला काढल्यावर, हा गृहस्थ उगवला. म्हणे, मीच तुझा दादा.

दादाच्या गालावर भाजल्याचा डाग होता. याच्याही होता. पण दादाचा गाल कुठला, हे सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. माळ्यावर एक फिल्म तेवढी उरली होती.

"तुमचा डावा गाल ना?" बाईंनी विचारलं.

"हो. उकळतं पाणी सांडलं होतं."

"बघूच."

पडद्यावर अंगण आलं. आई आली, पदर सावरत हसली. बाईंना भरून आलं. बाकावरचा माणूसही पुढं सरकला, ते मात्र त्यांना खपलं नाही.

मग दादा. डाव्या हातानं चेंडू फेकत, वडिलांना हुलकावणी देत तो थेट कॅमेऱ्यापाशी आला. तंत्रज्ञानं न सांगताच चित्र थांबवलं. डाग उजव्या गालावर होता.

"उजवा," तो म्हणाला. अशी नाटकं त्याला आवडायची. "पोरगा डावरा दिसतोय. बापानंही घड्याळ उजव्या हाताला बांधलंय. घराणंच डावरं."

"आणि तुम्ही मघापासून चहा उजव्या हातानं पिताय," बाई त्या माणसाला म्हणाल्या.

"आमच्यात कुणी डावरं नव्हतं."

"आमच्यात?" बाई हसल्या. "घराचा वास आला म्हणून धावत आलात. निदान डाग तरी नीट चौकशी करून पाडून घ्यायचा."

माणूस पडद्याकडेच बघत होता. "आईला परत एकदा दाखवाल?"

"सोंग पुरे."

त्यानं कप खाली ठेवला. दाराशी क्षणभर थांबला, मग समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला. बस निघून गेली.

"चोर तो चोर, वर शिरजोर," तंत्रज्ञ म्हणाला.

बाईंना हलकं वाटलं. तो कुठं राहतो, काय करतो, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. असल्या माणसाचा पत्ता घेऊन करायचं काय?

"थोडीशी उरलीय. दाखवू?"

"दाखवा. शेवटी वडील असतील, दुकानापुढं. आई सांगायची."

तंत्रज्ञानं जांभई देत बटण दाबलं. वडील दुकानापुढं कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे होते. डोक्यावरच्या पाटीवर घराण्याचं आडनाव मोठ्या ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, आरशात दिसावं तसं उलटं.