कापलेलं नाव

आई गेल्यावर तिचा हळदीकुंकवातला उखाणा बाबांनी नेटवर टाकला होता. एका चॅनलने तो उचलला. कुठल्याही बाईला आपल्या नवऱ्याचं नाव घालता यावं म्हणून शेवटी येणारं बाबांचं नाव कापलं, आणि वर बाबांवरच चोरीचा क्लेम लावला. बाबांचा व्हिडिओ उडाला. ज्या मोबाइलवर तो काढला होता, तो केव्हाच भंगारात गेला होता.

मी आनंद नगरला बाबांकडे जाऊन हरकतीचा फॉर्म उघडला.

"बाबा, व्हिडिओ तुमचाच कशावरून, असं विचारतायत."

"त्यात काशिनाथराव म्हणते ना ती."

"तेच तर कापलंय."

 मग चष्मा लावून, कारखान्यात रजेचा अर्ज लिहायचे तसं, बाबांनी स्वतःच टाइप केलं. पाठवण्याआधी मी वाचलं.

"महोदय, व्हिडिओ त्यांच्याकडेच राहू द्यावा. फक्त कापलेला तुकडा परत मिळावा, ही विनंती. जन्मभर ती मला 'अहो'च म्हणाली. तिच्या आवाजात माझं नाव तेवढंच आहे."