दहा शेकडे वेढे

सन १९०५, होळीची सुटी. भर दुपारी कर्जतच्या शाळेच्या खिडक्यांवर गोणपाट टांगून आत अंधार केला होता. आत तिघे होते: सुळे मास्तर, मुंबईच्या एका कॉलेजातून आलेले परांजपे आणि गवताच्या वखारीत काम करणारी बायजा. तिचा हात एका लयीत चालतो म्हणून मास्तरांनी तार तिच्याकडून गुंडाळून घेतली होती.

टेबलावर कळकाचा हातभर नळा उभा होता. त्यावर तांब्याची बारीक तार, वेढ्याला वेढा लागून. अशा वेटोळ्याला स्वतःचा एक वेग असतो. शेजारच्या यंत्रातून विजेची आंदोलने नेमक्या त्या वेगाने आली, तरच त्याच्या टोकाला ठिणगी उडते. हा वेग वेटोळे होण्याआधीच हिशेबाने काढता येतो, असे सुळ्यांचे म्हणणे होते. आकडा त्यांनी नोकरीच्या अर्जासोबत परांजप्यांना टपालाने कळवला होता: हजार वेढ्यांना सेकंदाला नऊ लाख आंदोलने.

"शेकडा एकाची चूक धरीन, त्यापुढे नाही," परांजपे म्हणाले. "प्रयोगशाळेतल्या जागेला सोळा अर्ज आहेत."

सुळ्यांनी यंत्राची सरकती कडी नऊ लाखांच्या खुणेवर आणली. यंत्र करकरले. टोक काळेच राहिले. त्यांनी कडी हळूहळू खाली सरकवली. आठ लाख सत्तर हजारांवर जांभळी ठिणगी उडाली.

परांजप्यांनी घड्याळ काढले. "शेकडा तीनच्या वर. मला चारची गाडी मिळेल."

"पेटली की!" बायजा म्हणाली. "मग तोंड का उतरलं, मास्तर?"

"आकडा चुकला, बायजा."

"माझा नाय चुकला. धा शेकडं सांगितलंत, धा घातलं. दर शेकड्याला तांबडा दोरा हाय. मोजा की."

सुळ्यांनी मोजले नाही. परांजप्यांनी खिडकीवरचे एक गोणपाट बाजूला केले, खिशातले भिंग काढले आणि दोन दोऱ्यांमधले वेढे सुईच्या टोकाने मोजले. मग पुढच्या दोन दोऱ्यांमधले. दोन्ही वेळा एकशे चार.

"बाई, तुमचा शेकडा कितीचा?"

"एकशे चाराचा. पेंढ्या मोजतात तसा. वरच्या चार तुटक्याफुटक्याच्या." ती मास्तरांकडे वळली. "नुसत्या शंभराला कोण शेकडा म्हंतं? पोरांना शिकवता तरी काय?"

सुळ्यांनी पाटीकडे हात नेला. परांजप्यांनी ती आधीच उचलली होती.

"हिशेब मी करतो."

खडू बराच वेळ वाजत राहिला. एक हजार चाळीस वेढे. उत्तर आले आठ लाख बहात्तर हजार; चूक शेकडा एकाच्या आत. त्यांनी ते पुन्हा करून पाहिले आणि पाटी सुळ्यांपुढे ठेवली. सुळे पोरांच्या बुटक्या बाकावर मटकन बसले. गुडघे हनुवटीशी आले, तरी उठले नाहीत.

बायजाने तारेचे टोक चिमटीत धरले. "जास्तीचं चाळीस उसवू का मग?"

"नको!" दोघे एकदम ओरडले.

चारची गाडी शिटी देऊन निघून गेली. परांजपे वही भरत होते. 'वेढे' या शब्दापुढचा 'एक हजार' त्यांनी खोडला आणि तिथे लिहिले: दहा शेकडे, कर्जतचे.